बाबांनी बसवलेली कॅप

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात, दातांच्या दवाखान्यात विभावरीच्या पुढच्या दातावरचं, दात सरळ करणारी तार धरणारं ब्रॅकेट पुन्हा निघालं.

“ताई, तुमची सिरॅमिकची कॅप म्हणजे तेल लावलेला पैलवान,” डॉक्टर ओजस हसला. “वरची चकाकी घासून काढली तरच चिकटेल. नंतर ब्रॅकेट काढताना तडकली, तर नवी बसवू.”

ती कॅप तिच्या दंतवैद्य बाबांनी मिरजेतल्या त्यांच्या दवाखान्यात, खिडकीच्या उजेडात रंग जुळवून बसवली होती. बाबा मार्चमध्ये गेले.

“तो दात सोडून द्या. राहू दे वाकडा.”

“शेजारचे दात सरकलेत, ताई. आता चावताना सगळा भार त्याच्यावर येईल. कॅप तशीही फुटेल.”

विभावरीने तोंड उघडलं. मशीन घरघरलं, पांढरी पूड ओठांवर उडाली. रूट कॅनल करून नस काढलेला दात तो. दुखलं काहीच नाही.