नदी ओलांडताना

कंपनीच्या पहिल्या व्हिडिओ गेममधलं, त्या खेळातलं बुडालेलं गाव त्याने एकट्याने आखलं होतं, गल्ली न् गल्ली. खेळ गाजला. फक्त गावाबाहेरच्या नदीशी खेळणारे हमखास अडकायचे आणि ती आखणाऱ्याच्या नावाने खडे फोडायचे. दुसऱ्या भागाचं काम निघालं तेव्हा कंपनीने त्याला नारळ दिला. त्या गोष्टीला आता चार वर्षं झाली होती. सध्या तो एका फर्निचरवाल्याकडे स्वयंपाकघराच्या कपाटांची ड्रॉइंगं काढायचा.

दुसरा भाग बाजारात आला, त्या रविवारी सकाळीच ताई तो घेऊन आली.

"बघू तरी काय दिवे लावलेत," ती म्हणाली आणि शेजारी मांडी ठोकून बसली.

आता राग येईल, मग येईल, म्हणून तो खेळता खेळता तासभर वाट बघत राहिला. राग काही फिरकला नाही. गाव तेच होतं, पण आता खिडक्यांत ओले कपडे होते, जिन्यावर कुणीतरी चपला काढून ठेवल्या होत्या. नदीत एक होडी उलटी पडली होती. तिच्या पाठीवर पाय ठेवला की झालं, पलीकडे. या नदीपायी त्याने आठ महिने डोकं फोडून घेतलं होतं.

"पहिल्याची सर नाही ना याला?" ताईने विचारलं.

"त्याच्यापेक्षा चांगलाय."

"माझ्याशी तरी खरं बोल."

"खरंच बोलतोय. खेळून बघ."

ताईला पहिल्या भागात नदी कधीच जमली नव्हती. भावाचं मन राखायला तिने जमली म्हणून सांगितलं होतं. आता ती एका दमात पार झाली आणि त्याच्याकडे बघू लागली. अपराध्यासारखी.

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला.

दुपारी त्याने जुन्या ऑफिसातल्या मुलीला फोन लावला. एके काळी ती त्याच्या हाताखाली होती, आता त्याच्या जागेवर होती.

"होडी तुझी?"

"हो, सर. रागावलात?"

"नाही. चांगली सुचली."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण खोटं बोललो नाही. रागाच्या जागी दुसरं काही आहे का, हे त्याने चाचपून पाहिलं. वाईट वाटणं, हायसं वाटणं, काहीच हाताला लागलं नाही.

ताईने आतून जेवायला हाक मारली. तो उठला, हात धुतले आणि पानावर जाऊन बसला.