न भाजणारा पाय

"कार्ड चालतं, पण पायाचे डॉक्टर नाहीत," एका दवाखान्यानं सांगितलं. दुसरीकडे डॉक्टर होते, तर सरकारी योजनेचं कार्ड चालत नव्हतं. तिसरीकडे फोनवरच्या मुलीनं विचारलं, "पायाचे म्हणजे हाडांचे का?"

"हाड नाही हो, तळव्याला जखम आहे. शुगरची."

"मग शुगरच्या डॉक्टरांना दाखवा ना."

त्यांनीच तर पायाचे डॉक्टर शोधा म्हणून पाठवलं होतं. माझ्या सासूबाईंचा एवढासा पाय, पण तो आपला म्हणणारा डॉक्टर काही मिळेना.

खरं तर हा पाय हर्ण्याच्या किनाऱ्यावर नावाजलेला. भर दुपारी वाळूवर जवळा सुकत घालताना बाकीच्या बायका चपला घालूनही नाचायच्या, आणि आमच्या आई अनवाणी, निवांत उभ्या. "आनंदीबाईंचे पाय जांभ्याचे!" सगळे म्हणायचे. आईही मिरवायच्या. पाय भाजत नाहीत म्हणजे घट्ट झाले, असंच आम्हां सगळ्यांना वाटलं. बोटाच्या मुळाशी तळव्याला फोड येऊन फुटला तरी त्यांना पत्ता नाही. वास मला आला. तो मासळीचा नव्हता, एवढं आमच्या घरात कुणालाही कळतं.

शुगरच्या डॉक्टरांनी काळपट पडलेलं बोट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "थांबू नका. हे सडणं वर चढलं तर पाय जाईल."

आमचे हे मुंबईत. फोनवर म्हणाले, "रविवारी येतो, मग बघू."

"तोवर पाय थांबायला हवा ना," मी म्हटलं आणि पुढचा नंबर लावला.

शेवटी रत्नागिरीतल्या एका हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारी नम्रता भेटली. दर गुरुवारी असे पाय बघणारे सर्जन येतात, कार्ड चालतं, फक्त ऑपरेशनला मंजुरी लागते, असं तिनं सांगितलं. तिनं फोन ठेवल्यावरही मी माझा कानाला धरून उभी होते.

गुरुवारी पहिल्या एसटीनं निघालो. आईंना काळजी वेगळीच.

"जवळा कोण उलटवील गो?"

"शेजारच्या यमुनाबाईंना सांगितलंय."

"ती? अर्धा मांजरांना घालील."

मी हसले, पण माझी नजर त्यांच्या बँडेजवर. खेडपर्यंत तिथं एक ओला डाग उमटला होता. पुढच्या प्रवासात तो वाढतोय की मलाच तसं दिसतंय, ते ठरेना.

हॉस्पिटलात त्या गुरुवारच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली, पावलावर बोटं ठेवून नाडी बघितली. मग एक बारीक, ताठ नायलॉनचा दोरा काढला. "आजी, डोळे मिटा. लागलं की हो म्हणा."

"हो," आई म्हणाल्या. "हो." आणि पुन्हा, "हो."

तिसऱ्या वेळी दोरा हवेतच होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"आई, त्यांनी अजून लावलाच नाही."

"तू गप गो!" त्यांनी डोळे उघडले, आणि एकदम लहान झाल्या. "बुरोंडीच्या धाकूला असाच दोरा लावलानी. तो नाय म्हणाला, नि पाय कापलानी त्याचा. मी नाय म्हणायची नाय."

डॉक्टर स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. "कळत नाही म्हणून कुणी पाय कापत नाही, आजी. कुठं कळत नाही ते मला समजलं, तर तिथं पुन्हा जखम होऊ नये म्हणून काही करता येईल. नाडी लागतेय. बोट जाईल. पाय बहुधा राहील."

आईंनी पुन्हा डोळे मिटले. दोरा अंगठ्यावर वाकला. "लागतंय?" डॉक्टरांनी विचारलं. आई म्हणाल्या, "नाय."

तळव्यावर. "नाय."

टाचेवर, अगदी हळू, "नाय."

घोट्याच्या वर त्या दचकल्या. "लागला! खराच लागला गो, समीक्षा!"

मी मान हलवली. त्यांचे डोळे मिटलेले आहेत हे विसरूनच गेले होते.

दुपारभर नम्रता कॉम्प्युटरसमोर आणि मी तिच्या दारात. चारच्या सुमारास ती म्हणाली, "ताई, आली मंजुरी. उद्या सकाळी पहिलाच नंबर."

वॉर्डात आई खाटेवर टेकून बसल्या होत्या. मी सांगितलं ते त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं. एरवी माझं कुठलंही बोलणं त्या मध्येच तोडतात, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

"बोटच ना गो?" त्यांनी विचारलं.

"बोटच, आई," मी म्हटलं आणि त्यांच्या पायावरची चादर उगाचच सारखी केली.