उंबऱ्याच्या आतली मराठी

आमची बिगरी बंद झाली. पण हे मी अजून सांगितलेलंच नाही असं समजून पुढे वाचा. मीही रोज सकाळी तसंच समजून उठतो.

तर, सन एकोणीसशे अडतीस. भाजे गावाच्या वरच्या ठाकरवाडीत बिगरी, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, छान चालू आहे. मुलं वीस. मास्तर मी एकटा, वय बावीस, चेहरा पन्नाशीचा. मुलं घरी ठाकरी बोलतात, पुस्तक मराठी. पूर्वी ती थेट खालच्या शाळेत जायची, दोन वर्षं मुकी बसायची आणि गुरांमागे परत यायची. म्हणून मदतीला येणाऱ्या वाडीतल्या भागूबाईनं नेम घातला: उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर ठाकरी. मुलांनी तो इतका मनावर घेतला की तिची पाच वर्षांची चिंगी एकदा एक पाय आत, एक बाहेर ठेवून अर्धा तास गप्प उभी होती.

मग कागद आला. शाळाखात्याचे डिपोटीसाहेब तपासणीला येणार. मुलांना मराठी येत नसेल तर बिगरी बंद.

साहेबांच्या मानाखातर भागूबाईनं पहाटे वर्ग सारवला. चांगला बोटभर जाड. साहेब नऊला हजर, सारवण ओलं.

"आत पाय नका घालू सायेब, उमटंल!" भागूबाई ओरडली.

खुर्ची अंगणात मांडली. साहेबांनी बैलाचं चित्र धरलं.

"हे काय?"

चिंगीनं ठाकरीत बैल, त्याचा रंग आणि तो उपाशी असल्याचं सांगितलं.

"मराठीत सांग."

चिंगीनं दाराकडे पाहिलं, मग साहेबांकडे. तिला त्यांची कीव आली असावी.

"मराठी आत असते, साहेब," मी म्हणालो.

"आणि तुमची?"

"माझी दोन्हीकडे कच्चीच."

"चिंगे, बोल की गं! आजच्यापुरतं भाईर बोल!" भागूबाई रडकुंडीला आली.

नेम तूच घातलास, असं चिंगीनं तिला ठाकरीत सुनावलं.

'मुलांस मराठी अवगत नाही,' साहेबांनी लिहिलं आणि ते डोंगर उतरले.

दुपारी सारवण वाळलं. मुलं आत गेली आणि एका सुरात म्हणाली, "बैल!" तोवर साहेब लोणावळ्याला जेवत असतील.

आठवड्यानं हुकूम आला. मुलं अजून येतातच. मी अर्ज धाडलाय:

'हुकुमाप्रमाणे बिगरी बंद केली आहे. तरी ती बंद असताना रोज सकाळी भरवण्याची परवानगी मिळावी, व बंद वर्गास पाट्या-पेन्सिली पूर्ववत मिळत जाव्यात, ही नम्र विनंती.'