पोळ्यापर्यंत टिकलं तर

पैज लागली ती धम्मदीपच्या फोटो स्टुडिओच्या पायरीवर, आणि लावणारे दोघं म्हणजे गुलाब आणि देवराव. पोंभुर्ण्यात या दोघांची दारं समोरासमोर. देवरावचं किराणा दुकान. गुलाब तलावातली मासोळी विकायचा आणि उरलेल्या वेळात लोकांची फजिती करायचा. एकदा तर त्यानं देवरावची बकरी गेरूनं रंगवली आणि तीच शोधायला देवरावला गावभर फिरवलं.

धम्मदीपचा जुना कॉम्प्युटर बसला होता. नवा घ्यायचा तर दोन पर्याय होते. एक, पुस्तकाएवढा लहान डबा, त्याला जुनाच स्क्रीन जोडायचा. दुसरा ऑल-इन-वन, म्हणजे स्क्रीनच्या पाठीतच सगळा कॉम्प्युटर.

"डबाच घे बाबू," देवराव म्हणाला. "जोडीतला एक बैल बसला तरी दुसरा उभा राह्यते. त्या अखंड मशीनचं एक गेलं का सारंच गेलं."

गुलाबला मशीनमधलं ओ का ठो कळत नव्हतं. पण देवराव डबा म्हणाला म्हणजे आपण दुसरं म्हणायचं, एवढं त्याला पक्कं कळत होतं. आणि उंदरांनी धम्मदीपचा मागचा पडदा कुरतडलेला, हेही त्याला ठाऊक होतं.

"त्या डब्याले भोकं असते," तो गंभीर तोंड करून म्हणाला. "उंदरीन त्याच्यातच बाळंतीण होते. फोटोले नवरी बसली का टेबलावर पिल्लं निघन. मंग नवरीले धरसीन का पिल्लायले?"

धम्मदीप हसला, पण दचकलाही. त्यानं ऑल-इन-वन आणलं.

"पोळ्यापर्यंत टिकत नाई," देवराव म्हणाला. "टिकलं तं याचं खोकं डोक्यात घालून भर बाजारात फिरन मी."

"अन् नाई टिकलं तं मी फिरन. जितनाऱ्यानं मागं टिनाचा डबा वाजवत यायचं. कबूल?"

"कबूल."

गुलाबची बायको रुखमा जाऊन वर्ष उलटलं होतं. धम्मदीप कितीदा म्हणाला, काका, काकूचा एक मोठा फोटो छापून देतो. गुलाब टाळायचा. "भिंतीवर लागला का हार घालाव लागते," म्हणायचा. "हार घातला का गेली म्हना." त्यापेक्षा मोबाइलमधल्या व्हिडिओत ती बरी होती. मासोळी साफ करता करता मान वर करायची, म्हणायची, "ठेवा तो फोन, मांजर मासोळी घेऊन चालली ना." गुलाब जेवताना हेच बघायचा.

मोबाइल भरला. लोकांच्या फजितीचे व्हिडिओ मावेनात.

"मशीनमंदी टाकून ठेवू का, काका?" धम्मदीपनं विचारलं.

"टाक. तुह्या मशीनवर मायी पैज आहे. रुखमाबी माह्याच बाजूनं राहीन."

सगळं तिकडे गेलं आणि गुलाबनं मोबाइल धुतल्यासारखा कोरा केला.

श्रावणात एका दुपारी लाइन गेली, आणि आली ती भडकून आली. देवरावचा पंखा जळला. स्टुडिओत स्क्रीनमागून वास आला. धम्मदीपनं मशीन चंद्रपूरला नेलं. तो बसमधून उतरला तेव्हा गुलाब स्टँडवरच उभा होता.

"काका, डब्याची डिस्क वेगळी निघते म्हनते दुरुस्तीवाला, त्याच्यातून त्यानं काकूचा व्हिडिओ काढून देल्ला असता. याच्यात सारं एकाच पाटीवर चिकटवलेलं आहे. ते पाटीच जळली." धम्मदीपनं मान खाली घातली. "मी दुसरीकडं ठेवाले पाहिजे होतं."

"काऊन?" गुलाब म्हणाला. "उंदरीन तं मीच सोडली ना."

पोळ्याआधीच्या बाजाराच्या दिवशी देवराव त्याच्या दारी आला. "राहू दे गुलाब. मी पैज सोडली."

"तू सोडली असन. मी हारलो ना पन." गुलाबनं खोकं डोक्यात घातलं. "टिन घे."

सारा बाजार खदखदून हसला. मिरचीवाली डोळे पुसत हसली. "आज कोनाची फजिती हो, गुलाबभाऊ?" कोणीतरी विचारलं. खोक्यात थर्मोकोलचा वास होता आणि डोळ्यांसमोर फक्त पुठ्ठा. त्या अंधारात गुलाब रुखमाला शोधत होता. मासोळी आठवली, विळी आठवली, हिरव्या बांगड्या आठवल्या. मान वर व्हायची तिथं तिचं तोंड येईना. त्यानं पुन्हा मासोळीपासून सुरुवात केली. पुन्हा तेच.

खोक्याखालून गळ्यावर पाणी ओघळलं. मागून येणाऱ्या देवरावनं ते पाहिलं आणि त्याचा हात थांबला.

"थकला का बे?" आतून घोगरा आवाज आला. "वाजव. मासोळीची ओळ बाकी आहे."

देवराव वाजवू लागला. गुलाब खोक्यासकट मासोळीच्या ओळीत शिरला, आणि लोक मोबाइल काढून त्याचे फोटो घेऊ लागले.