उघड्या टपाची गाडी

जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करण्यात केशवरावांचा हात धरणारा तिवसा तालुक्यात कोणी नव्हता. नागपूर रस्त्याला लागून त्यांची रोपवाटिका होती. पस्तीस वर्षं तोच चाकू, तीच बोटं. म्हणूनच चंदनला वाटलं, हे काम बाबांना जमेल.

चंदन त्यांचा थोरला, सत्तावीस वर्षांचा. अकोल्याला गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात कामाला होता. मे महिन्यात चार दिवस घरी आला, मित्रांबरोबर विहिरीवर पोहायला गेला आणि लहानपणापासून मारत आला होता तसाच काठावरून सूर मारला. पाणी त्या वर्षी लवकर उतरलं होतं. मान आतल्या कपारीवर आदळली. तेव्हापासून मानेखालचं काही हलत नव्हतं. अमरावतीचे डॉक्टर झाले, नागपूरचे झाले. जपा, एवढंच सगळ्यांनी सांगितलं.

डिसेंबरात एका सकाळी त्याने धाकट्या बहिणीला, मोनालीला, कपाटावरचा खोका काढायला लावला. अमरावतीच्या राजापेठेतलं एक जुनं खेळण्यांचं दुकान बंद होत होतं, तेव्हा त्याने तो उचलला होता. खोका पन्नास वर्षांचा तरी असेल. आत पिवळट पडलेले प्लास्टिकचे सुटे भाग होते. जुळवले की वीतभर लांबीची, आजोबांच्या काळातली अमेरिकन गाडी तयार व्हायची.

"बाबा, तुमी करान का? मी सांगतो, तुमी कापा."

"कापाचं काहून? जोडाची आहे नं?"

"जशीच्या तशी नाई जोडाची. हॉट रॉड कराची आहे."

मग त्याने समजावून सांगितलं. मडगार्ड काढून टाकायचे, टप कापून खाली बसवायचा, गाडी पुढून झुकवायची, इंजिन उघडं ठेवायचं. गाडी जुनी, पण रूप आपण दिलेलं.

"म्हंजे चांगल्या गाडीची वाट लावाची," केशवराव म्हणाले. तरी चष्मा पुसून खाटेजवळ बसले.

पहिला आठवडा बरा गेला. चंदनच्या डोळ्यांच्या उंचीवर टेबल ठेवलं होतं. "उलीसंक घासा. बस. आता दुसऱ्या बाजूनं," असा त्याचा आवाज सकाळभर घरात ऐकू यायचा. कधी तो चिडायचाही. "तिरपा नाई बाबा, चाकू सरळ धरा." आत भाकरी थापताना त्याची आई, शालू, ते ऐकायची. तो चिडतो याचंच तिला बरं वाटायचं, कारण दिवाळीत तो चिडतही नव्हता.

रविवारी टप कापायला घेतला. खिडक्यांमधल्या चार खांबांतून सारखाच तुकडा काढायचा होता, चार मिलिमीटरचा. केशवरावांनी चिकटपट्टी लावून खुणा केल्या, चंदनने त्या दोनदा बघितल्या. तीन खांब नीट निघाले. चौथ्यावर चाकू टेकला आणि बारीकसा आवाज झाला. जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं. तडा खांबातून वर टपात शिरला, थेट मागच्या खिडकीपर्यंत गेला.

"बाबा, थांबा. आज राहू द्या."

केशवराव थांबले नाहीत. कलम फाटलं की क्षणभरही वाया न घालवता जोडून दाबायचं, हीच त्यांच्या हाताची सवय. त्यांनी बाटलीतलं प्लास्टिक चिकटवायचं सिमेंट तड्यात ओतलं आणि अंगठ्याने घट्ट दाबून धरलं.

"त्यानं प्लास्टिक इरघळते, बाबा. अंगठा काढा."

अंगठा उचलला तेव्हा टप खचला होता. त्यावर अंगठ्याचा ठसा उमटला होता, एकेक रेष मोजता येईल असा.

"झाड असतं तं भरून आलं असतं," ते पुटपुटले. आणि बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, आपण कोणाच्या उशाशी बसून हे बोललो.

चंदनने डोळे मिटले. पापणीतून पाणी निघून कानाकडे ओघळलं. ते पुसायला त्याला हात नव्हता, म्हणजे असून नव्हता. केशवराव पुसायला झुकले, पण दोन्ही तळव्यांना सिमेंट लागलेलं. ते तसेच हात वर धरून उभे राहिले. शालू बाहेर गिऱ्हाइकाला रोपं काढून देत होती. तिला हाक मारली, ती येईपर्यंत पाणी उशीत उतरलं होतं.

बुधवारी अकोल्याहून अमोल आला. चंदनबरोबर कामाला होता तो. गाडी हातात घेऊन त्याने फिरवून पाहिली.

"काका, माह्याजवळ द्या. पुट्टी भरतो, स्प्रे गननं रंग मारतो. आठ दिवसांत आनून देतो."

केशवरावांना सुटल्यासारखं झालं. ते भाग गोळा करून खोक्यात भरू लागले.

"नेऊ नको," चंदन म्हणाला.

"अबे, बिघडली आहे थे."

"असू दे. मले होतानी पाह्याची आहे. झालेली पाहून काय करू?"

अमोलने गाडी टेबलावर ठेवली. चहा घेऊन परत गेला.

तो गेल्यावर चंदन म्हणाला, "बाबा, टप काढूनच टाका. उघडीच करू." केशवरावांनी चाकू उचलला, तर हात थरथरत होता. हजारो डोळे बांधताना कधी न हललेला हात. त्यांनी चाकू खाली ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी कोपर टेबलावर रोवून, डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी टप कापला. कड वेडीवाकडी आली.

लाल रंग ब्रशने दिला, त्याचे फराटे राहिले. चाकं लावली तर पुढचं डावं चाक टेबलाला टेकेना. "डावं वर राह्यलं," चंदन म्हणाला. केशवरावांनी ते काढलं, घासलं, पुन्हा लावलं. तीनदा केलं. चौथ्यांदा आसाचं भोकच मोठं झालं.

"आता नाई होत, बेटा," ते म्हणाले. सात महिन्यांत कुठल्याच डॉक्टरसमोर हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नव्हते.

"मालूम आहे."

तरी चंदन बराच वेळ गाडी न्याहाळत राहिला. उघडं इंजिन, झुकलेलं नाक, बसायच्या जागेवर मोनालीने चिकटवलेला रेक्झिनचा तुकडा. 

मग शालू आत आली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागे. दोघांनी मिळून त्याला हळूच वळवलं, गुडघ्यांमध्ये उशी ठेवली. चंदनचं तोंड भिंतीकडे झालं.

"गाडी इकडून ठेवू का?" केशवरावांनी विचारलं.

"नको. जागा नाई इकडं."

"मंग कशी दिसन तुले?"

"दिसन नं. दोन तासानं."

केशवराव गाडी हातात घेऊन तसेच उभे राहिले.