शून्य जन्मांची वाडी

खळ्यावर भाताची झोडणी चालली होती आणि ऐन त्या धुरळ्यात सोनूबाईची तिच्या व्याह्याशी जुंपली. आम्ही पेंढ्या आपटायच्या सोडून कमरेवर हात ठेवून उभे राहिलो. फुकटचं भांडण कोण सोडतो?

व्याही म्हणजे गुणाजी. कणकवलीहून एस्टीनं आला होता. खांद्यावर नारळांची पिशवी, अंगात धुतलेला सदरा. लेकीला, वनमालाला, बाळंतपणासाठी माहेरी न्यायला आला होता. तिला सातवा सरला होता, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्यातली रीत. पहिलंच कशाला, दुसरं-तिसरंही बायका तिकडेच उरकतात. आणि सोनूबाई म्हणजे सासू असून सुनेला सोडायला तयार नव्हती.

"ती खंयच जावची नाय," सोनूबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "हयसरच बाळंत होतली."

"हयसर?" गुणाजीचा आवाज चढला. "हयसर डॉक्टर नाय, सुईण नाय, आनी पाणी तां असला! माझ्या चेडवाक काय झाला म्हणजे?"

"तिका काय झाला तर माका फाशी दी. पण डिसेंबर सरायच्या आत आमच्या वाडीच्या नावावर एक तरी पोर जल्माक येवक व्हया!"

गुणाजीनं माझ्याकडे, तिच्या शेजारणीकडे, असं पाहिलं की विहिणीचं डोकं फिरलंय का, एवढंच त्याला विचारायचं होतं. त्याचा काय दोष? आधीची कथा त्याला ठाऊक नव्हती.

मुंबईत चारकोपच्या पलीकडे मिठागरं संपतात तिथं आमची खाजणवाडी. आमचे आजे मालवणाकडून मिठागरावर कामाला आले आणि खाजणाच्या कडेला भाताची खाचरं करून राहिले. पोरं आता कारखान्यात जातात, पण पावसाळ्यात पाय चिखलातच. सुना मात्र अजून कोकणातूनच आणतो. पन्नास घरं, एक विहीर. भरतीला तिचं पाणी खारट आणि पावसाळ्यात गढूळ. त्या साली पावसाळ्यात जुलाबांनी वाडीतली चार तान्ही पोरं गेली. त्यातली एक माझी नात. सकाळी दूध ओकली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मांडीवर थंड झाली.

वाडी-वस्त्यांत नर्स नेमणार असं कानावर आलं म्हणून आम्ही अर्ज केला. अर्जावर आरोग्य खात्याचा कारकून कुंडलिक चौकशीला आला. सडपातळ, शांत माणूस, कळकळीचा. धोंडूआजोबांच्या ओटीवर त्यानं बाड उघडलं आणि कपाळ चोळलं.

"मावशी, वाट लागली. तुमच्या वाडीत गेल्या पाच वर्षांत जन्म शून्य."

ओटीसमोर वाडीची अकरा पोरं चिखल खेळत होती. सोनूबाईनं त्यांच्याकडे बोट केलं. "मग ही काय खाडीतसून वर इली?"

"ही कोकणात जन्मली ना! जन्म जिथं होतो तिथल्या वहीत जातो. कागदावर तुमची सगळी पोरं कणकवली, मालवण, देवगड."

"आनी मेली ती?"

कुंडलिकनं मान खाली घातली. "ती इथली. पुरायला चिठ्ठी लागते ना, म्हणून मरणं एकूण एक लिहिलेली आहेत. वर्षाच्या आतली, यंदाची, चार."

म्हणजे आमच्या वाडीत कोणी जन्मत नव्हतं, नुसतं मरत होतं. आणि तेही सरकारला चालत होतं. कारण वरचे मोठे डॉक्टरसाहेब मेलेल्यांना जन्मलेल्यांनी भागतात, हजारानं गुणतात आणि तो आकडा बघून नर्स देतात. शून्यानं भाग जात नाही. तिथं ते आडवी रेघ मारतात. आणि अहवालाच्या तळाला बारीक अक्षरांत लिहितात की आडवी रेघ म्हणजे अडचण नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बाळंतपणंच नाहीत त्या गावाला नर्स हवी कशाला, असा सरळ हिशेब.

"साहेबाक सांगा ना, चार गेली म्हणून!" धोंडूआजोबा ओरडले. वाडीत वयानं तेच थोरले, तेव्हा त्र्याऐंशीचे.

"सांगितलं. म्हणाले, भावना समजल्या, भाजक आणा." कुंडलिकनं चहा संपवला आणि जाता जाता हळूच म्हणाला, "मावशी, खाली लिहायला एक आकडा पाहिजे. वर्ष संपायच्या आत एक तरी बाळंतपण इथं होऊ द्या."

वाडीत दिवस भरत आलेली एकटी वनमाला. म्हणून खळ्यावरचं ते भांडण.

गुणाजीनं सगळं ऐकून घेतलं आणि तरी पिशवी खाली ठेवली नाही. "तुमच्या भागाकारात माझी लेक कित्याक?"

हा प्रश्न खरा होता. तेवढ्यात वनमालाच पेंढ्यांआडून पुढे आली. बाई कमी बोलणारी, पण बोलली की पुरतं.

"बाबा, कणकवलीत बाळंत झालंय तरी तीन महिन्यांनी पोराक घेऊन हयसरच येतलंय ना? पाणी ह्याच विहिरीचा पाजतलंय. ती चारय पोरां कोकणात धडधाकट जल्माक इली होती." तिनं पोटावर हात ठेवला. "माका भीती वाटता. पण हयसर नर्स व्हयी."

गुणाजी खळ्याच्या दगडावर बसला. मग एकेक नारळ काढून सोनूबाईच्या पुढ्यात ठेवत गेला आणि शेवटी म्हणाला, "मग मीय जायत नाय. पोर होयपर्यंत हयसरच रवतलंय." आणि खरंच दोन महिने राहिला, झोडणीही केली.

डिसेंबर निम्मा गेला, तसा वाडीला घोर लागला. वनमालाला कळ येईना. पंचवीस तारीख गेली, अठ्ठावीस गेली. देवाला नारळ बोललं, एरंडेल पाजलं. वनमालाचा नवरा धाकू कारखान्यात रजा टाकून अंगणात येरझाऱ्या घालत होता. लोक एकतीस तारखेला मजा करतात म्हणे, आम्ही त्या दिवशी सकाळपासून एका पोटाकडे डोळे लावून बसलो होतो. बाड बगलेत मारून कुंडलिकही आला.

दहा वाजता कळा सुरू झाल्या. आत सोनूबाई आणि मी. वीस पोरं मी हातावर घेतली असतील, पण ती सगळी कोकणात, माहेरी गेल्यावर; इथलं हे पहिलंच. दुपारी साडेबाराला मुलगा बाहेर आला. निळसर, आणि गप्प.

"झालं का?" बाहेरून कुंडलिकचा आवाज. "रडलं का? रडल्याशिवाय, श्वास घेतल्याशिवाय जिवंत जन्म धरत नाहीत हो!"

"भायर गप रव!" सोनूबाई खेकसली. तिनं पोराला पालथं घेतलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. मी बोटानं तोंडातला चिकटा काढला. वनमाला मान उचलून आमच्या तोंडाकडे बघत होती. त्या वेळी मला वाडी आठवली नाही, नर्स आठवली नाही. रड रे बाबा, एवढंच.

रडलं. असं रडलं की अंगणात गुणाजीही हमसून रडायला लागला. कुंडलिकनं वेळ लिहिली, धाकूची सही घेतली आणि सायकलवर टांग मारली.

जन्म एक, मृत्यू चार. हजारी चार हजार. म्हणजे आमच्या वाडीत दर हजार पोरं जन्मली की त्यातली चार हजार मरतात! असा पराक्रम दुसऱ्या कुठल्या गावानं केल्याचं ऐकिवात नाही. कोणी न तपासता तो आकडा वर गेला, तिथून आणखी वर गेला आणि सरकारी पुस्तकात छापून आला. तेव्हा कुठे साहेबांची जीप आली. चार पोरं मेली तेव्हा सायकलसुद्धा आली नव्हती.

साहेबांनी विहिरीत डोकावून पाहिलं नाही. ओटीवर उभं राहून त्यांनी विचारलं, "हा आकडा केला कोणी?"

"आमच्या सुनेन," सोनूबाई म्हणाली.

छापलेलं मागे घेता येत नव्हतं, तेव्हा साहेबांनी हुकूम काढला. 'सदर वस्तीचा आकडा प्रमाणात येईपर्यंत एक नर्स तात्पुरती नेमण्यात येत आहे.' पोरं वाचवायला नव्हे, आकडा वाचवायला. पण आली, आमचं घोडं गंगेत न्हालं.

अनुपमा तिचं नाव, घाटकोपरची. पहिल्याच दिवशी तिनं विहिरीत पावडर टाकली आणि धोंडूआजोबांच्या शिव्या खाल्ल्या. पाणी उकळा, हात धुवा, नखं कापा, असा तिचा दिवसभर धोशा. श्रावणात वनमालाच्या पोराला जुलाब लागले, डोळे खोल गेले. अनुपमानं त्याला मांडीवर घेतलं आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं. पोर तरलं. त्या वर्षी वाडीतली एकही सून माहेरी गेली नाही. सात जन्म झाले, आणि वर्षाच्या आतलं एकही पोर गेलं नाही.

आम्ही हरखून गेलो होतो. डिसेंबरात कुंडलिक आला, त्याचं तोंड मात्र उतरलेलं.

"सात खाली, वर शून्य. आकडा शून्य. म्हणजे गरज संपली. जानेवारीपासून बाईंना परत बोलावणार."

"म्हणजे पोरां मेली तर नर्स, जगली तर नाय?" धाकूनं विचारलं.

"लिहिलेलं नाही तसं. पण होतं तसंच."

खळ्यावर अख्खी वाडी जमली. धोंडूआजोबा काठी टेकत उठले. "माका लिवा मेलेलो. माझा आता काय रवला? नर्स रवांदे."

"आजोबा, वर्षाच्या आतला मृत्यू लागतो," कुंडलिक म्हणाला. "तुम्ही त्र्याऐंशी वर्षांनी जास्त आहात." लोक हसले, पण फार वेळ नाही.

अनुपमा वही छातीशी धरून उभी होती. "मी खोटं लिहिणार नाही हां. आधीच सांगते."

"खोटा कोण लिव म्हणता?" सोनूबाई तिच्यासमोर येऊन बसली. "माझा पयला चेडू लिव. म्हायेरात जल्माक इला. आठव्या दिसाक गेला. माडाच्या मुळात पुरला. त्याचा जल्मय खंय लिवलेलो नाय, मराणय नाय."

तीस वर्षं आमची भिंतीला भिंत. मला हे तिनं कधी सांगितलं नव्हतं.

अनुपमानं वहीची पानं उलटली, सूचना वाचल्या. मग कुंडलिककडे बघत हळू आवाजात म्हणाली, "उशिरा कळलेला मृत्यू कुठल्या वर्षात धरायचा?"

"नोंद होईल त्या वर्षात, आणि आई राहते त्या गावात," कुंडलिक म्हणाला. मग त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं तळहातावर बोटानं भागाकार केला. "सातात एक. हजारी एकशे त्रेचाळीस! झकास, प्रमाणाबाहेर आहे!" आणि आपण कशाला झकास म्हणालो ते ध्यानात येऊन तो ओशाळला.

अनुपमानं पेन उघडलं. "मुलगी ना? नाव सांगा, मावशी."

नाव नव्हतंच. बारावा दिवस उजाडला नाही, बारसं कुठलं? सोनूबाई खळ्याच्या सारवणावर बोट फिरवत राहिली.

"नंदा," ती म्हणाली. "नंदा लिव."

अनुपमानं लिहिलं. नंदा, वय आठ दिवस, निवास खाजणवाडी. सोनूबाईला वाचता येत नाही, तरी वाकून तिनं त्या अक्षरांकडे पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं.

ती उठली तशी वाडीतलीच प्रेमा पुढे सरकली. तिच्या मागे लता. मग आणखी दोघी-तिघी. प्रेमानं तोंड उघडलं आणि नावाआधी रडूच फुटलं. मीही कधी उठून रांगेत उभी राहिले ते मला कळलं नाही. माझ्याकडेही एक होता, सहा दिवसांचा.

सोनूबाईनं हात आडवा धरून आम्हाला थांबवलं.

"घाई करू नकात," ती म्हणाली. "वर्साक एकच."