कुंभारीतलं जर्मन घड्याळ

मी कोंडीबांच्या भिंतीवरचं दुसरं घड्याळ बोलतोय. पहिलं भारताची वेळ दाखवतं, मी जर्मनीची. गाव मात्र कुंभारी.

कारखान्यातल्या जन्माचं मला कौतुक नाही. सोलापुरात मधला मारुती मंदिराजवळच्या दुकानातून कोंडीबांनी मला आणलं आणि साडेचार तास मागं करून टांगलं.

"एक कमी पडत हुतं व्हय?" त्यांच्या पत्नी सारजाबाई म्हणाल्या. "आता भाकरी कुणाच्या टायमानं थापू?"

कोंडीबा चौथी शिकलेले. गिरणीत पस्तीस वर्षं नोकरी, एकदाही उशीर नाही. हे ते रोज कुणाला तरी सांगतात.

त्यांचा मुलगा अजिंक्य गेल्या वर्षी बायकोला आणि सात वर्षांच्या राजेश्वरीला घेऊन नोकरीसाठी जर्मनीला गेला. तिथल्या शाळेनं कळवलं, मुलांनी एकट्यानं चालत यावं, आईबापांनी सोडायला येऊ नये.

"एवढीशी पोर एकटी? शाळा हाय का पलटण?" कोंडीबा गरजले.

मग माझ्यात सात-चाळीस झाले की ते व्हिडिओ फोन लावायचे. पोरीच्या दप्तरात जुना फोन असे, तो हातात धरून ती चालायची. "थांब. सायकल जाऊ दे. आता चल." असं करत ते तिला शाळेच्या दारापर्यंत पोचवायचे. आठला ती फोन बंद करायची. मगच म्हातारा जेवायला उठायचा.

वाटेत तोंडाचा पट्टा चालवणारी ही पोर वर्गात मात्र मुकी. सहा महिन्यांत एक शब्द नाही. एप्रिलच्या सुट्टीपर्यंत बोलली नाही तर दुसरीतून पुन्हा पहिलीत बसवू, असं वर्गाच्या बाईंनी सांगितलं होतं.

मार्चअखेर तिकडं सगळा देश घड्याळं तासभर पुढं करतो. अजिंक्य सांगायला विसरला. मी आपला जुन्याच वेळेवर, ताठ मानेनं चुकीचा.

सोमवारी नेहमीसारखा फोन लागला. आजोबांची वाट बघून पोरीनं तो बंदच केला नव्हता. भर वर्गात वाजला.

"आबा, तासभर उशीर केलात की! मी वर्गात आहे."

"उशीर? मी? जन्मात न्हाय केला. तुमच्या शाळेचं घड्याळ बघ!"

बाईंनी कडक आवाजात काहीतरी विचारलं. पोर गप्प. मला वाटलं, संपलं.

"सांग त्यास्नी, चूक माजी न्हाय म्हणून. सांग की!"

आजोबांच्या अब्रूचा प्रश्न होता. पोर उठली आणि बाईंशी जर्मन भाषेत बोलायला लागली. आधी अडखळत, मग भराभर. "आबा, घड्याळ दाखवा." कोंडीबांनी फोन माझ्यासमोर धरला. पडद्यावर वीस पोरं मला बघून हसत होती. बाईही हसत होत्या.

संध्याकाळी अजिंक्यचा फोन आला. "आबा, ती दुसरीतच राहणार. फोन मात्र शाळेत चालणार नाही, असं बाई म्हणाल्या. आणि ते घड्याळ पुढं घ्या."

कोंडीबांनी स्टुलावर चढून काटे फिरवले. मला म्हणाले, "तुजी चूक न्हाय. जर्मनीची हाय."

आता पोर मैत्रिणीबरोबर बडबडत जाते. सकाळचा फोन बंद झाला. तरी सात-चाळीसला कोंडीबा माझ्यासमोर बसतात. आठ वाजले की म्हणतात, "पोचली." मग जेवायला उठतात.

माझा सेल हल्ली उतरत चाललाय. कुणीतरी वेळेत बदला. मी आठच्या आत थांबलो, तर म्हातारा उपाशी बसेल.